रुळावरचा काळा थर : छोट्या आगगाडीच्या स्वच्छतेची सव्वाशे वर्षे

१/
काही धागे राजघराण्यांचे असतात, काही लढायांचे. आजचा धागा एका अगदी किरकोळ भासणाऱ्या गोष्टीचा आहे : प्रतिकृती-रेल्वेच्या रुळावर साचणारा काळा थर. बोट फिरवले तर काजळासारखा लागतो, कापडाने पुसला तर निघतो आणि काही दिवसांत पुन्हा दिसू लागतो. या थराशी माणसाने सव्वाशे वर्षे झुंज दिली. त्या झुंजीत धातू बदलले, रुळांची रचना बदलली, काहींनी नकळत स्वतःचे यकृत पणाला लावले आणि एका चित्रकाराने फळीचा एक तुकडा घेऊन हा प्रश्न बराचसा सोडवला. वाचकहो, धागा दीर्घ आहे. सावकाश वाचावा.

२/
प्रथम एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. घरातल्या मोठ्या मेजावर डोंगर आहेत, बोगदे आहेत, एक टुमदार स्थानक आहे. इंजिन डौलात फलाटाकडे येते आणि ऐन पाहुण्यांसमोर थबकते. दिवा विझतो. मालक ओशाळे हसतो, हात पुढे करतो आणि इंजिनाला बोटाने हलकेच ढकलतो. दिवा लागतो, गाडी पुन्हा चालू लागते. इंजिन बिघडलेले नसते आणि तारही तुटलेली नसते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा मळ आलेला असतो, एवढेच. हा छंद असलेल्या प्रत्येक घरात हे बोट कधी ना कधी पुढे झालेले आहे.

३/
खऱ्या आगगाडीला हा त्रास इतका का होत नाही? उत्तर साध्या गणितात आहे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले 'एचओ' प्रमाण १:८७ आहे. लांबी ८७ पटीने घटली की आकारमान, आणि त्याबरोबर वजन, ८७ चा घन म्हणजे ६,५८,५०३ पटीने घटते. शंभर टनांचे इंजिन या हिशेबाने जेमतेम दीडशे ग्रॅमचे उरते. खरे इंजिन रुळावरचा कचरा चिरडून टाकते, छोटे इंजिन त्याच्यावर तरंगते. इंजिन लहान करता येते, झाडे लहान करता येतात, स्थानकही लहान करता येते. धूळ मात्र प्रमाणात लहान होत नाही.

४/
हा थर नेमका कशाचा असतो? केवळ धुळीचा नव्हे. रुळाचा माथा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो आणि चाक त्याला टेकते ते त्याहूनही कितीतरी छोट्या जागी. त्या जागेतून वीज जाते. चाक किंचित उचलले गेले की सूक्ष्म ठिणगी उडते. ती ठिणगी धातूचा कण जाळून त्याचे ऑक्साइड करते आणि इंजिनातून गळलेल्या तेलाची काजळी करते. त्यात घरातली धूळ, कपड्यांचे तंतू, डब्यांच्या प्लास्टिक चाकांची झीज आणि इंजिनाच्या चाकांवरील रबरी कड्यांचा भुगा मिसळतो. हे मिश्रण वीज नीट वाहू देत नाही. परिणामी ठिणग्या वाढतात आणि थरही वाढतो. मळातून मळ निपजण्याचे हे चक्र आहे.

५/
आता आरंभाकडे जाऊ. जर्मनीच्या ग्योपिंगेन येथील मेर्कलिन या खेळणी बनवणाऱ्या घराण्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावर धावणारी गाडी मांडली आणि रुळांची ठरावीक मापे रूढ केली. ती गाडी किल्लीची होती. तिची शक्ती पोटातल्या स्प्रिंगेत साठवलेली असे. रूळ म्हणजे केवळ वाट. वाट मळकी असली तरी किल्लीच्या गाडीला त्याचे सोयरसुतक नव्हते. रूळ घासण्याची विवंचना तेव्हा कोणत्याच मुलाला नव्हती. ती जन्माला आली विजेबरोबर.

६/
विजेवर धावणाऱ्या छोट्या गाडीचा प्रयोग त्याच्याही बराच आधीचा होता. अमेरिकेच्या व्हर्मॉंट राज्यातील थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराने १८३५ च्या सुमारास गोल मार्गावर फिरणारी इवली विद्युतगाडी बनवली होती. पण बाजारात विकत मिळणारी गाडी यायला शतकाची अखेर उजाडली. सिनसिनाटीच्या कार्लाइल आणि फिंच या कंपनीने १८९६ च्या सुमारास धातूच्या दोन पट्ट्यांवर धावणारी विजेची ट्राम विकायला काढली. घरोघरी वीज नव्हती, त्यामुळे ती रासायनिक बॅटरीवर चाले. एका रुळातून वीज आत, दुसऱ्या रुळातून परत. हीच दोन रुळांची पद्धत पुढे सर्वांची डोकेदुखी होणार होती.

७/
जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये दुकानाच्या काचेआड फिरणारी गाडी बनवली, ती ग्राहकांचे लक्ष वेधण्यासाठी. लोक दुकानातला माल सोडून ती गाडीच मागू लागले, असे सांगितले जाते. त्यांच्या लायोनेल कंपनीने १९०६ साली तीन रुळांचा मार्ग आणला. बाहेरचे दोन रूळ एका ध्रुवाचे, मधला दुसऱ्या ध्रुवाचा. हे रूळ पत्र्याचे, वाकवून पोकळ केलेले आणि वर कथिलाचा मुलामा दिलेले असत. आपल्याकडे पितळी पातेल्याला कल्हई करतात, त्याच धातूचा हा मुलामा. हेतू पोलादाला गंजापासून वाचवण्याचा. रूळ स्वच्छ ठेवण्याचा कारखान्यात योजलेला हा एक आरंभीचा उपाय म्हणता येईल.

८/
तीन रुळांची रचना दिसायला विद्रूप होती, कारण खऱ्या आगगाडीला मधला रूळ नसतो. पण मळाच्या बाबतीत ती विलक्षण क्षमाशील होती. बाहेरचे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असल्याने डावे चाक मळावर असले तर उजवे चाक काम भागवी. मधल्या रुळाला इंजिनाखालचा रूळगडी किंवा पट्टी स्प्रिंगने दाबून घासत जाई, म्हणजे चालता चालता सफाईही होई. चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवण्याची गरज नसे. मार्ग वळून स्वतःलाच मिळाला तरी शॉर्टसर्किट होत नसे. मुलांच्या धसमुसळ्या हातांसाठी हे उत्तम होते.

९/
अडचण आली ती मुले मोठी झाल्यावर. १९३० च्या दशकात अनेक प्रौढ माणसे या गाडीकडे खेळणे म्हणून नव्हे, तर हुबेहूब प्रतिकृती म्हणून पाहू लागली. १९३५ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. चाकांची आणि रुळांची मापे एकसारखी असावीत, एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या रुळावर धावावी, हा तिचा आग्रह. या मंडळींना मधला रूळ डोळ्यांत खुपू लागला. काहींनी तो उचलून खऱ्या विद्युत रेल्वेसारखा मार्गाच्या बाहेर नेला. शेवटी बहुतेकांनी तो काढूनच टाकला आणि दोन रुळांचा स्वीकार केला.

१०/
सौंदर्यासाठी केलेल्या या निवडीची किंमत लगेच दिसली. आता प्रत्येक रूळ वेगळ्या ध्रुवाचा झाला. डाव्या बाजूचा संपर्क तुटला तर उजवी बाजू मदतीला येऊ शकत नव्हती. मेर्कलिनने यातून मधला मार्ग काढला. १९५० च्या दशकात त्यांनी मधल्या रुळाऐवजी स्लीपरांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे संपर्कबिंदू बसवले. इंजिनाखालची लांब पट्टी त्यांच्यावरून घसटत जाते. दुरून पाहता मार्ग दोन रुळांचा वाटतो, पण गुण तीन रुळांचे. त्यांच्या गाड्या आजही याच तत्त्वावर धावतात आणि मळाबद्दलची तक्रार त्यांच्याकडे तुलनेने कमी असते.

११/
ब्रिटनमध्ये हॉर्नबी डब्लो ही मालिका १९३८ साली तीन रुळांवर अवतरली. युद्धानंतर ट्राय-अँग या प्रतिस्पर्ध्याने दोन रुळांची स्वस्त गाडी आणली. ग्राहकांचा कल पाहून हॉर्नबी डब्लोनेही १९५९ साली दोन रूळ स्वीकारले, पण तोवर उशीर झाला होता. १९६४ साली तिची मालक मेकॅनो कंपनी ट्राय-अँगच्याच मालकांच्या हाती गेली. या ऱ्हासाला कारणे अनेक होती. तरी एवढे खरे, की तिसरा रूळ हरला तो कामात कमी पडला म्हणून नव्हे, दिसण्यात कमी पडला म्हणून. आणि त्याच्याबरोबर मळ पचवण्याची सवलतही गेली.

१२/
मग प्रश्न धातूचा आला. पोलाद घट्ट आणि स्वस्त, पण दमट तळघरात गंजणारे. पितळ वळवायला सोपे, डाग द्यायला सोपे, म्हणून दीर्घकाळ रूळ पितळेचे होते. पितळेचा स्वभाव मराठी घरांना सांगायला नको. देवघरातली समई चिंच आणि राखेने घासून लख्ख केली तरी पुढच्या सणापर्यंत ती काळवंडतेच. रुळाचेही तसेच. फरक इतकाच, की समई काळवंडली तरी ज्योत विझत नाही. रूळ काळवंडला की गाडी थांबते. पितळ उघडे पडणे हा वाक्प्रचार छंदिकांनी अक्षरशः अनुभवला, तोही दर आठवड्याला.

१३/
यावर उतारा म्हणून आलेला धातूही आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजी व्यवहारात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, आपल्या जुन्या घरांतील ताटवाट्यांमुळे आपण त्याला जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखतो. नावात चांदी आहे, अंगात नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. पितळेपेक्षा तो सावकाश काळवंडतो आणि त्याचा रंग खऱ्या पोलादी रुळाशी जुळतो. हळूहळू पितळ मागे पडले आणि जर्मन सिल्व्हर प्रतिष्ठित झाले. आज चांगल्या प्रतीचे बहुतेक रूळ याचेच असतात. तरीही घासणे संपले नाही. अंतर वाढले, इतकेच.

१४/
घासण्याच्या साधनांचा इतिहास आणखी रंजक आहे. सर्वांत आधी हाती आला काचकागद. त्याने रूळ तत्काळ चमकतो, पण माथ्यावर बारीक ओरखडे उठतात आणि पुढचा मळ त्याच ओरखड्यांत घर करतो. पुढे अपघर्षक भुकटी मिसळलेले रबरी ठोकळे आले. पेन्सिल खोडावी तसा रूळ खोडायचा. काहींनी स्वयंपाकघरातल्या तारेच्या चोथ्याचा प्रयोग केला आणि तो फार महागात पडला. पोलादाचे सूक्ष्म तंतू इंजिनातल्या मोटरीच्या चुंबकाला चिकटले आणि मोटरी जळाल्या. जुन्या छंदिकांकडून नवख्याला मिळणारा पहिला सल्ला आजही हाच असतो : रुळाजवळ तारेचा चोथा आणू नये.

१५/
आता या इतिहासातील काळे पान. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेत रूळ पुसण्यासाठी एक द्रव सर्रास वापरला जाई : कार्बन टेट्राक्लोराइड. तो तेल सहज विरघळवी, झटकन वाळून जाई आणि पेट घेत नसे. कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगमध्ये तो होता, आग विझवण्याच्या नळकांड्यांतही होता. घराघरात असलेल्या द्रवाची कोणाला भीती वाटावी? बाप आणि मुलगा तळघरात बसत, खिडक्या बंद असत आणि फडक्यावर तो द्रव ओतून मीटर मीटर रूळ पुसला जाई. वास गोडसर होता. त्या गोडसर वासातच विष होते.

१६/
कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ श्वासातून शरीरात जाते आणि यकृत व मूत्रपिंड यांना इजा करते. मद्य घेतलेल्या माणसाला त्याची बाधा अधिक तीव्र होते. तापलेल्या धातूशी गाठ पडली तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात अस्त्र म्हणून वापरला गेला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० साली घरगुती वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घातली. पुढे ओझोनच्या रक्षणासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानेही त्याला आवर घातला. जुन्या पुस्तकांत हा सल्ला अजूनही छापलेला आढळतो. जुने पुस्तक हाती आले तर ते आदराने वाचावे, पण डोळे मिटून पाळू नये.

१७/
या अंधारात एक उजळ व्यक्तिरेखा आहे. जॉन ऍलन, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील छायाचित्रकार आणि चित्रकार. त्यांनी घराच्या तळमजल्यावर 'गॉर अँड डॅफेटिड' नावाची काल्पनिक रेल्वे उभी केली. उच्चार असा, की कानाला 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ ऐकू यावा. त्याआधीच्या प्रतिकृती दुकानातून आणल्यासारख्या चकचकीत असत. ऍलन यांनी इंजिनांवर काजळी रंगवली, डब्यांवर गंज चढवला, छपरांवर पावसाचे ओघळ काढले. मळ हा काळाचा हस्ताक्षर आहे, हे त्यांनी छंदाला शिकवले. आणि गंमत अशी, की मळाच्या या कलावंताला रुळाचा माथा मात्र लख्खच हवा होता.

१८/
त्यांनी शोधलेला उपाय साधेपणात थोर म्हणावा असा होता. मालगाडीच्या डब्याखाली मॅसोनाइटचा, म्हणजे आपल्याकडच्या हार्डबोर्डचा, छोटा तुकडा सैल बसवायचा. त्याची खरखरीत बाजू स्वतःच्या वजनाने रुळावर टेकते. डबा गाडीत जोडला की गाडी धावेल तेवढा वेळ तुकडा रूळ पुसत जातो. काळा झाला की काढून काचकागदावर घासायचा आणि पुन्हा बसवायचा. रसायन नाही, ओरखडा नाही, वेगळा वेळही नाही. घाण साचल्यावर उपसण्यापेक्षा ती साचूच द्यायची नाही, हा विचार त्यामागे होता. रोज सकाळी अंगण झाडणाऱ्या घराला तो नवा वाटणार नाही.

१९/
ऍलन यांचे ६ जानेवारी १९७३ रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी त्या घराला आग लागली आणि वीस वर्षांच्या श्रमाची ती रेल्वे जवळजवळ समूळ नष्ट झाली. उरली ती त्यांनीच काढलेली छायाचित्रे, त्यांचे लेख आणि इतरांनी उचललेल्या युक्त्या. डोंगर जळाले, पूल जळाले. हार्डबोर्डचा तो तुकडा मात्र आजही जगभरच्या अनेक घरांत मालडब्याखाली घासत फिरतो आहे. माणसाचे सर्वांत भव्य काम टिकते असे नाही. कधी कधी सर्वांत साधे काम टिकते.

२०/
१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये एक वेगळाच उपाय लोकप्रिय झाला. रेल्को नावाची पेटी वीजपुरवठा आणि रूळ यांच्यामध्ये जोडली जाई. गाडी नीट चालू असताना ती गप्प असे. मळामुळे प्रवाह तुटला, की ती क्षणात उच्च वारंवारतेचा, उच्च दाबाचा पण अत्यंत क्षीण प्रवाह सोडी. चाक आणि रूळ यांच्यातील फटीतली हवा त्याने आयनित होई, मळाचा पापुद्रा भेदला जाई आणि मूळ प्रवाहाला वाट मिळे. मळ न काढता त्यातून मार्ग काढण्याची ही युक्ती होती.

२१/
इथे आपण जरा खऱ्या रेल्वेकडे वळू, कारण हीच कथा तिथेही घडली आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली बंदिस्त ट्रॅक सर्किटचा शोध लावला. रुळांच्या ठरावीक तुकड्यातून क्षीण वीज सोडलेली असते. गाडी त्या तुकड्यात आली की तिची चाके आणि आस दोन रुळांना जोडतात, प्रवाह वळतो आणि सिग्नल लाल होतो. गाडीच स्वतःची हजेरी लावते. पण रुळावर गंज किंवा कुजलेल्या पानांचा थर असेल तर चाके रुळांना विद्युतदृष्ट्या जोडूच शकत नाहीत. मग गाडी प्रत्यक्ष उभी असूनही यंत्रणेच्या लेखी मार्ग रिकामा ठरतो. घरातल्या मेजावर याने गाडी थांबते. खऱ्या मार्गावर याने मागची गाडी थांबत नाही.

२२/
ब्रिटनला हा धडा १९८० च्या दशकात मिळाला. स्प्रिंटर नावाच्या नव्या हलक्या डिझेल गाड्या आल्या. जुन्या गाड्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या कडेवर दाबले जात, म्हणजे प्रत्येक ब्रेकबरोबर चाक घासून स्वच्छ होई. नव्या गाड्यांपैकी काहींना डिस्क ब्रेक होते. चाकावर दाब नाही, म्हणून चाकाची सफाईही नाही. काही मार्गांवर या गाड्या ट्रॅक सर्किटला नीट दिसेनात. तोडगा म्हणून गाडीखाली एक उपकरण बसवण्यात आले. ते रुळांत उच्च वारंवारतेचा प्रवाह निर्माण करून गंजाचा पापुद्रा भेदते. वाचकांना रेल्कोची पेटी आठवली असेल. तत्त्व तेच, फक्त इथे पणाला माणसांचे जीव होते.

२३/
मुंबईकरांनाही यातला एक भाग जवळचा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विद्युतगाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. वरच्या तारेतून घेतलेली वीज परत जाते ती चाकांतून आणि रुळांतून. फलाटावर उभे राहून पाहावे : ज्या रुळांवरून दर काही मिनिटांनी लोकल जाते, त्यांचा माथा आरशासारखा चकाकतो. शेजारच्या, वापरात नसलेल्या रुळावर तांबूस गंज असतो. वाहती वाट स्वच्छ राहते, अडगळीतली गंजते. छोट्या रेल्वेलाही हाच नियम लागू आहे. महिनोन्महिने झाकून ठेवलेला मार्ग रोज धावणाऱ्या मार्गापेक्षा अधिक मळतो.

२४/
१९९० च्या दशकात छोट्या रेल्वेत अंकीय नियंत्रण आले. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेले डीसीसी हे मानक अमेरिकन संघटनेने स्वीकारले. आता रुळातून वीज आणि आज्ञा दोन्ही वाहू लागल्या. प्रत्येक इंजिनात एक चिमुकला संगणक बसला. परिणामी मळाचे उपद्रवमूल्य वाढले. पूर्वी क्षणभर संपर्क तुटला तर इंजिनाला फक्त झटका बसे. आता संगणकाची वीज जाते, शिट्टी आणि वाफेचा आवाज मध्येच तुटतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून जागे होते. रेल्कोची पेटीही इथे निरुपयोगी ठरली, किंबहुना घातक. तिच्या उच्च दाबाने इंजिनातला संगणकच जळू शकतो.

२५/
मग पुन्हा जुना प्रश्न : पुसावे कशाने? बहुतेक छंदिक आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इंजेक्शनपूर्वी दंडाला लावतात त्या जातीचे स्पिरिट, वापरत आले. २०१९ साली 'मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट' मासिकाचे प्रकाशक जो फ्युगेट यांनी वेगळी मांडणी केली. द्रव ध्रुवीय असेल तर पुसल्यानंतर राहिलेला अंश ठिणग्यांना आणि काळ्या थराला पोषक ठरतो, म्हणून शेवटचा हात अध्रुवीय द्रवाचा असावा, असे त्यांचे म्हणणे. स्पिरिटचा परावैद्युत स्थिरांक १८ च्या आसपास, तर रॉकेलचा जेमतेम २. या मांडणीवर वाद आहेत, पण अनेकांनी अनुभवाने ती स्वीकारली. मात्र रॉकेल ज्वालाग्राही आहे. वीज बंद ठेवून, खिडक्या उघडून आणि कापड केवळ ओलसर करूनच ते वापरावे.

२६/
दुसरीकडे काहींनी प्रश्नच उलटा केला. रूळ स्वच्छ ठेवण्यापेक्षा इंजिनालाच थोडा श्वास रोखून धरायला शिकवावे. इंजिनात छोटा कपॅसिटर बसवला की संपर्क तुटला तरी सेकंद-दोन सेकंद गाडी साठवलेल्या विजेवर पुढे जाते आणि मळाचा टापू ओलांडते. त्याहून टोकाचे लोक रुळातली वीजच बंद करतात. इंजिनात बॅटरी, हातात रेडिओ. या पद्धतीला 'डेड रेल', म्हणजे निर्जीव रूळ, म्हणतात. इतिहासाचे चाक पूर्ण फिरले. मेर्कलिनच्या किल्लीच्या गाडीप्रमाणे शक्ती पुन्हा गाडीच्या पोटात गेली आणि रूळ पुन्हा केवळ वाट झाला.

२७/
महाराष्ट्रात हा छंद पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या वेडातून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. मुले तिथे काचेला नाक लावून गाड्या पाहतात. पुढच्या वेळी गेलात तर गाड्यांबरोबर रुळांकडेही पाहावे. उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याची दमट हवा या दोन्हींशी आपल्या हवामानात सामना असतो. अशा हवेत एखादी छोटी गाडी न अडखळता फेरी पूर्ण करते, तेव्हा प्रेक्षक गेल्यावर कोणीतरी वाकून काम केलेले असते.

२८/
समारोप. या सव्वाशे वर्षांचा अर्थ काय? तिसरा रूळ काढून माणसाने देखणेपण निवडले आणि त्याबरोबर कायमची देखभाल पत्करली. धातू, रसायन, पेटी, संगणक, बॅटरी यांपैकी प्रत्येकाने काही काळ वाटले की आता घासणे संपले. ते संपले नाही. जे उपाय टिकले ते सावकाश आणि सातत्याने करण्याचे होते : डब्याखालचा हार्डबोर्डचा तुकडा, ओलसर फडके आणि रोज एक फेरी. इतिहासात उभारणाऱ्यांची नावे राहतात, पुसणाऱ्यांची राहत नाहीत. पण थांबलेल्या इंजिनाला विचारले तर ते उत्तर वेगळे देईल.

आपल्या घरी अशी एखादी जुनी गाडी माळ्यावर पडून असेल, तर तिची आठवण प्रतिसादात जरूर लिहावी. धागा येथे पूर्ण होतो.